आसफ अली असगर फैजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आसफ फैजी कोण होते?

आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) हे मुंबईचे बॅरिस्टर, कायद्याचे प्राध्यापक, अरबी हस्तलिखितांचे संपादक आणि विसाव्या शतकातील भारतीय मुस्लिम कायद्याचे एक अव्वल दर्जाचे भाष्यकार होते. त्यांचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरानला झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते 'आउटलाइन्स ऑफ मोहम्मडन लॉ' या ग्रंथामुळे माहीत असतात, तर इस्लामी इतिहासाचे अभ्यासक त्यांना दहाव्या शतकातील 'दआइम अल-इस्लाम' या फातिमी (उत्तर आफ्रिकेतील शिया इस्माइली खिलाफतीच्या) कायदेग्रंथाचे संपादक म्हणून ओळखतात. बहुतेक वेळा या दोन वाचकवर्गांना एकमेकांच्या फैजींचा पत्ता नसतो, आणि त्यामुळे या माणसाच्या कामातील एकसूत्रीपणा निसटून जातो. न्यायालयात रोज लागू होणारा कायदा आणि हजार वर्षांपूर्वीचे हस्तलिखित या दोहोंकडे त्यांनी एकाच प्रश्नाने पाहिले: हा नियम कोणी, कधी, कोणत्या परिस्थितीत आणि कशाच्या आधारावर सांगितला?

ते कोणत्या घराण्यातले आणि कोणत्या पंथाचे?

फैजी हे सुलेमानी बोहरा पंथाचे. मुस्तअली इस्माइली या शिया उपपंथाच्या भारतातील दोन मुख्य शाखांपैकी दाऊदी ही मोठी आणि सुलेमानी ही संख्येने फार लहान. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दाईपदाच्या (दाई म्हणजे पंथप्रमुख) वारशावरून या दोन शाखा वेगळ्या झाल्या. सुलेमानींची संख्या कमी असली तरी मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यांचे वजन मोठे होते. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवणारे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच समाजातले होते. तय्यबजी आणि फैजी ही घराणी परस्परांशी नात्याने बांधलेली होती. अतिया फैजी आणि जंजिऱ्याच्या नवाबाशी विवाह झालेल्या नाझली बेगम या बहिणी याच फैजी घराण्यातल्या.

कौटुंबिक वारशाचा कायद्याशी थेट संबंध आहे. बद्रुद्दीन यांचे पुत्र फैज तय्यबजी यांनी १९१३ साली मुस्लिम कायद्यावर लिहिलेला ग्रंथ वकिलांमध्ये प्रमाण मानला जात असे. म्हणजे ज्या घरांत या कायद्याची चर्चा रोजच्या बोलण्यासारखी होत असेल, अशा वर्तुळात फैजी वाढले. शिवाय बोहरा घरांतून पिढ्यान् पिढ्या जपलेली अरबी हस्तलिखिते इतर कोणत्याही बॅरिस्टरला सहज मिळणारी नव्हती.

त्यांचे शिक्षण आणि व्यवसाय कसा झाला?

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले आणि तिथे त्यांनी अरबी व पौर्वात्य विद्यांचे शिक्षण घेतले. १९२५ साली ते लंडनच्या मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि १९२६ पासून १९३८ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली. या बारा वर्षांतच त्यांचे संशोधनही सुरू झाले होते. १९३१ साली मुस्लिम कायद्याच्या अभ्यासाची प्रस्तावना, १९३३ साली इस्माइली मृत्युपत्र-कायद्यावरील पुस्तक आणि १९३४ साली फातिमी न्यायशास्त्री काझी नुमान यांच्यावरील विस्तृत लेख हे सर्व लेखन याच काळातले.

शासकीय विधी महाविद्यालयाशी त्यांचा काय संबंध होता?

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झालेले. १९३८ ते १९४७ या काळात फैजी तिथे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक होते. त्यांच्या आधी १९३५ ते १९३८ या काळात हे पद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. धर्माने घडवलेल्या व्यक्तिगत कायद्याच्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजणारी दोन माणसे एकामागोमाग एकाच खुर्चीवर बसली, हा योगायोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हे प्राध्यापकपद ज्यांच्या नावाने आहे त्या सर अर्स्किन पेरी यांच्या १८४७ च्या एका निकालाचाही इथे उल्लेख करायला हवा. खोजा आणि मेमन समाजातील मुलींनी कुराणात सांगितलेल्या हिश्श्याप्रमाणे वारसा मागितला होता, पण या समाजांत वारसा हिंदू रिवाजानुसार चालतो आणि रिवाजच लागू होईल, असे पेरींनी ठरवले. त्यामुळे मुस्लिम असूनही मुलींना हिस्सा मिळाला नाही. नव्वद वर्षांनी झालेल्या १९३७ च्या शरियत अधिनियमाने हे चित्र बऱ्याच अंशी पालटले. मात्र शेतजमिनीचा वारसा त्या अधिनियमाने वगळला, आणि दत्तक, मृत्युपत्र यांसारखे विषय व्यक्तीने स्वतः तसे घोषित केले तरच त्याच्या कक्षेत आले. रिवाज आणि शास्त्र यांच्यातील ही ओढाताण समजून घेतल्याशिवाय फैजी काय शिकवत होते हे उमगत नाही.

'अँग्लो-मोहम्मडन कायदा' म्हणजे काय, आणि फैजींनी त्यावर इतका भर का दिला?

इथे थोडे मागे जावे लागेल. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत असे ठरले की, वारसा, विवाह आणि अशा इतर धार्मिक बाबींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा. इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हती. सुरुवातीला मौलवींचा सल्ला घेतला गेला. पुढे भाषांतरे हाती आली. चार्ल्स हॅमिल्टनने 'हिदाया' या हनफी (सुन्नींच्या एका कायदेपरंपरेतील) ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७९१ साली केले, पण ते मूळ अरबीवरून नव्हे, तर फारसी आवृत्तीवरून केलेले होते. नंतर नील बेलीच्या संकलनाने 'फतावा आलमगिरी' या मोगलकालीन कायदेसंग्रहातील नियम इंग्रजीत आणले. न्यायालये या मोजक्या पुस्तकांवर विसंबू लागली, आणि जिथे पुस्तक मूक असेल तिथे 'न्याय, समता आणि सद्सद्विवेक' या सूत्राखाली इंग्रजी कायद्याच्या कल्पना शिरल्या. अशा रीतीने जो तयार झाला तो शुद्ध फिकह म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रही नव्हता आणि इंग्रजी कायदाही नव्हता. भारतात एका विशिष्ट काळात घडलेला तो एक स्वतंत्र कायदा होता.

वक्फचे, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची राखून ठेवलेल्या मालमत्तेचे, उदाहरण यासाठी फार बोलके आहे. आपल्याच मुलाबाळांच्या आणि वंशजांच्या निर्वाहासाठी केलेला वक्फ हे इस्लामी परंपरेत पुण्यकर्मच मानले जात असे. मात्र १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, इंग्रजी धर्मादायाच्या चष्म्यातून पाहून असा एक कौटुंबिक वक्फ रद्द ठरवला. समाजात इतका असंतोष उसळला की १९१३ साली मुसलमान वक्फ वैधता अधिनियम करून ही चूक दुरुस्त करावी लागली. इंग्रजी कायद्याच्या शरियतवरील परिणामाबद्दल फैजींनी जे लिहिले त्यात परकीयांविषयीचा रोष नाही. कोणता नियम कुठून आला हे दाखवून देण्यातच त्यांना रस होता. आज अपरिवर्तनीय म्हणून ज्याचा बचाव केला जातो त्याचा काही भाग भाषांतरकारांच्या आणि न्यायाधीशांच्या हातून घडला आहे, हे त्यांच्या वाचकाला टाळता येत नाही.

'आउटलाइन्स' या ग्रंथात काय आहे?

१९४९ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात विवाह, मेहर, तलाक, पालकत्व, पोटगी, हिबा म्हणजे दान, वक्फ, शुफा म्हणजे अग्रक्रयाचा हक्क, मृत्युपत्र आणि वारसा असा भारतात लागू असलेला बहुतेक सगळा मुस्लिम व्यक्तिगत कायदा आहे. लेखकाच्या हयातीत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि २००८ साली ताहिर महमूद यांनी पाचवी आवृत्ती संपादित केली. दिनशा फर्दुनजी मुल्ला यांचा त्याच विषयावरील ग्रंथ वकिलांना कलमवार नियम झटपट सापडावेत यासाठी लिहिलेला आहे. फैजींचा ग्रंथ मात्र नियमासोबत त्याची पार्श्वभूमी देतो, हनफी व शाफई या सुन्नी आणि इस्ना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) व फातिमी या शिया परंपरांतील फरक मांडतो, आणि मूळ अरबी आधाराशी निकाल ताडून पाहतो. न्यायालयात उभे राहायच्या आदल्या रात्री मुल्ला उघडावा आणि सुटीत फैजी वाचावेत, असे मी म्हणेन.

एका मुद्द्यावर मात्र फैजी इतर भाष्यकारांपेक्षा अधिक ठामपणे बोलतात. विवाहाच्या करारातच पतीने पत्नीला, ठरलेल्या अटी मोडल्यास, स्वतःहून विवाहबंधन तोडण्याचा अधिकार सोपवून ठेवायची सोय शास्त्रात आहे. तिला तलाक-ए-तफवीज म्हणतात. न्यायालयाच्या पायऱ्या न चढता मुस्लिम स्त्रीला सुटका मिळवून देणारे हे सर्वांत प्रभावी साधन असल्याचे फैजींचे मत होते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाने स्त्रियांना न्यायालयातून घटस्फोट मागण्याची कारणे दिली, तरी निकाहनाम्यातल्या अटींचे मोल त्यामुळे कमी झाले नाही.

एकाच समाजातील पंथभेदांचा न्यायालयात खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि मुंबईसारख्या शहरात तर फारच. कोकणी मुसलमान शाफई आहेत, उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी, खोजा आणि बोहरा शिया, त्यांतही इराणी परंपरेचे इस्ना अशरी वेगळे. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असा खटला आला की, शाफई घरातील एका वयात आलेल्या मुलीने वडिलांच्या संमतीशिवाय विवाह केला होता. शाफई मतानुसार वली म्हणजे पालक म्हणून वडिलांची संमती आवश्यक, हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतः विवाह करू शकते. आपण हनफी मत स्वीकारले आहे असे त्या मुलीने सांगितले आणि न्यायालयाने तिचा विवाह वैध धरला. एका मतातून दुसऱ्या मतात जाण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीला आहे, याचा दाखला म्हणून फैजी हा खटला देतात.

१८६६ चा आगाखान खटलाही त्यांनी १९६५ सालच्या आपल्या निवडक खटल्यांच्या संग्रहात घेतला. त्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजांचा धार्मिक इतिहास तपासून ते शिया इमामी इस्माइली असल्याचा निर्णय दिला होता. एखाद्या पंथाची ओळख न्यायालयाने कागदपत्रांवरून ठरवावी, ही बाब फैजींना इतिहासकार म्हणूनही भुरळ घालणारी होती.

'दआइम अल-इस्लाम' हा ग्रंथ इतका महत्त्वाचा का?

काझी नुमान हा उत्तर आफ्रिकेतील फातिमी खिलाफतीचा प्रमुख न्यायशास्त्री. त्याचे निधन ९७४ साली कैरोत झाले. खलीफा अल-मुइझ्झ याच्या राजवटीत (९५३–९७५) त्याने 'दआइम अल-इस्लाम' म्हणजे इस्लामचे आधारस्तंभ हा ग्रंथ सिद्ध केला आणि तो फातिमी राज्याचा अधिकृत कायदेग्रंथ ठरला. पहिल्या खंडात इमामाप्रती निष्ठा, शुद्धी, नमाज, जकात, रोजे, हज आणि जिहाद हे सात स्तंभ, तर दुसऱ्या खंडात व्यवहार, विवाह, मृत्युपत्र, वारसा असे लौकिक विषय आहेत. फातिमी राज्य ११७१ साली संपले, पण येमेन आणि गुजरातमधील बोहरा समाजांनी हा ग्रंथ जिवंत ठेवला, आणि त्यांच्यासाठी तो आजही धर्मशास्त्राचा आधार आहे.

अशा ग्रंथाची छापील, पाठभेदांसह तपासलेली प्रत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. फैजींनी अनेक हस्तलिखिते पडताळून ती तयार केली. पहिला खंड १९५१ साली कैरोच्या दार अल-मआरिफने काढला आणि दुसरा त्यानंतर साधारण दहा वर्षांनी आला. १९४९ ते १९५१ या काळात फैजी भारताचे राजदूत म्हणून इजिप्तमध्येच होते. नऊशे-हजार वर्षांपूर्वी जिथे हा कायदा राज्याचा कायदा होता, त्याच शहरात मुंबईच्या एका बोहऱ्याच्या हातून तो ग्रंथ प्रथम नीट छापला गेला. १९६९ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने त्यांचे 'कंपेंडियम ऑफ फातिमिड लॉ' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

फातिमी कायदा इतर शिया कायद्यापेक्षा कुठे वेगळा आहे?

दोन ठिकाणे पुरेशी आहेत. मुताह म्हणजे ठरावीक मुदतीचा विवाह इस्ना अशरी शियांना मान्य आहे, पण फातिमी कायद्याने तो निषिद्ध मानला. तसेच वारसदाराच्या नावे मृत्युपत्राने काही ठेवायचे असेल तर इस्ना अशरी मतानुसार मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत इतरांची संमती लागत नाही, फातिमी कायद्यात मात्र सुन्नींप्रमाणे इतर वारसांची संमती हवी. म्हणून 'शिया आहे, तेव्हा शिया नियम लावा' इतक्या ढोबळ सूत्राने बोहऱ्यांचा दावा निकालात काढणे चूक ठरते. फैजींनी १९३३ साली मृत्युपत्रावरचे प्रकरण स्वतंत्रपणे का काढले, याचे उत्तर यातच आहे.

ही गुप्त मानली जाणारी हस्तलिखिते अभ्यासकांपर्यंत कशी पोचली?

बोहऱ्यांची ग्रंथसंपदा दाईंच्या आणि विद्वान घराण्यांच्या ताब्यात असे, आणि तिचा मोठा भाग मीसाक म्हणजे निष्ठेची शपथ घेतलेल्यांनाच खुला होता. १९३० च्या दशकात मुंबईत राहायला आलेले रशियन अभ्यासक व्लादिमिर इवानोव यांच्या साथीने फैजी आणि इतरांनी १९३३ साली इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन केली आणि तिच्यामार्फत मूळ ग्रंथ प्रकाशित होऊ लागले. हैदराबादचे जाहिद अली आणि हमदानी घराण्यातले हुसेन हमदानी हेही याच काळात आपापल्या घरातील ग्रंथसंग्रहांच्या आधारे लिहीत होते. इस्माइलींविषयी तोवर जगाला जी माहिती होती ती बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेली होती, आणि ती पहिल्यांदा त्यांच्याच ग्रंथांवरून तपासता येऊ लागली.

१९५७ साली फैजींनी आपला सुमारे दोनशे इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्याची वर्णनात्मक सूची १९६५ साली निघाली. त्यांच्या सगळ्या कामांतले सर्वांत दूरगामी काम हेच होते, असे मला वाटते. मते बदलतात, पुस्तके जुनी होतात, पण मूळ ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयात आला की त्यावर कोणालाही प्रश्न विचारता येतो.

इस्लामी सुधारणेविषयी त्यांचे नेमके मत काय होते?

१९६३ साली आलेल्या 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' या निबंधसंग्रहात ते सापडते. त्यांची मध्यवर्ती मांडणी अशी की, इस्लाममध्ये श्रद्धा आणि कायदा एकत्र गुंफले गेले आहेत, आणि आधुनिक काळात ते वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. ईश्वरावरील श्रद्धा आणि नैतिक मूल्ये हा धर्माचा गाभा असून तो शाश्वत आहे, तर कायदा हा समाज आणि काळ यांच्याबरोबर बदलणारा आहे. यासाठी त्यांनी धर्मांच्या इतिहासाचा व तौलनिक धर्माभ्यासाचा, सेमिटिक भाषांचा अभ्यास, शरियत आणि कलाम म्हणजे धर्मतत्त्वज्ञान यांची फेरतपासणी, आणि विश्वोत्पत्तीविषयीच्या जुन्या धारणांचा विज्ञानाच्या आधारे नवा अर्थ लावणे, असा कार्यक्रम सुचवला. इमान सोडा असे त्यांनी कधीच म्हटले नाही. इब्न बाबवैह यांच्या शिया श्रद्धेवरील ग्रंथाचे १९४२ साली इंग्रजी भाषांतर करणारा हा माणूस परंपरेचा अपमान करण्यासाठी लिहीत नव्हता.

तिहेरी तलाकच्या वादात त्यांच्या लेखनाचा काय उपयोग होतो?

१९०५ साली मुंबई उच्च न्यायालयाने साराबाई खटल्यात एका दमात उच्चारलेला तलाक कायद्यात ग्राह्य पण धर्मशास्त्रात वाईट असल्याचे म्हटले आणि ते वचन पुढे दशकानुदशके उद्धृत होत राहिले. फैजींच्या ग्रंथात वाचकाला दिसते की, इस्ना अशरी आणि फातिमी परंपरा हा तलाक मानतच नाहीत. म्हणजे 'इस्लामी कायदा असा आहे' हे विधान एका मताचे वर्णन आहे, सबंध परंपरेचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली शायराबानो खटल्यात हा तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, तेव्हा फैजींना जाऊन छत्तीस वर्षे झाली होती.

हमीद दलवाई आणि फैजी यांची तुलना करता येईल का?

मराठी वाचक ती हमखास करतात. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचा मार्ग आंदोलनाचा होता आणि भाषा मराठी. फैजी ग्रंथालयात बसून इंग्रजीत आणि अरबीत लिहीत होते. चळवळ उभारणे हा त्यांचा पिंड नव्हता. एका बाजूला धग होती पण मूळ ग्रंथांचा तपशील कमी, दुसऱ्या बाजूला तपशील भरपूर पण रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचणारी भाषा नाही. ही उणीव दोघांच्या अनुयायांनी भरून काढायला हवी होती, आणि ती पुरेशी भरली गेली नाही.

त्यांच्या मांडणीवर कोणते आक्षेप घेता येतात?

कायदा आणि धर्म वेगळे करायचे हे खरे, पण नव्या कायद्याचा आशय कोणी ठरवायचा, संसदेने, न्यायालयाने की समाजाने, याचे सविस्तर उत्तर त्यांच्याकडे मिळत नाही. शिवाय मदरशातून न शिकलेल्या आणि अल्पसंख्याकांतल्याही अल्पसंख्य पंथातल्या बॅरिस्टरने केलेला फेरविचार बहुसंख्य सुन्नी उलेमांनी मनावर घ्यावा, ही अपेक्षा मुळातच कठीण होती. तरीही त्यांच्या कायदेविषयक विश्लेषणाचे मोल यामुळे घटत नाही, कारण ते विश्लेषण त्यांच्या सुधारणावादाशी सहमत नसलेल्यालाही तपासून वापरता येते.

सार्वजनिक जीवनात त्यांनी आणखी कोणती पदे सांभाळली?

इजिप्तहून परतल्यावर ते १९५२ पासून संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य होते, आणि १९५७ ते १९६० या काळात जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्याने निबंधसंग्रहापासून सुरुवात करावी, कारण तो छोटा आहे. त्यानंतर 'आउटलाइन्स'चे प्रास्ताविक प्रकरण वाचावे. विवाह आणि तलाकची प्रकरणे त्यानंतर सोपी जातात, वारशाच्या हिश्श्यांचे गणित मात्र कागद-पेन्सिल घेऊनच वाचावे. ज्यांना फातिमी परंपरेत शिरायचे आहे त्यांच्यासाठी फैजींनी 'दआइम'चे इंग्रजी भाषांतर सुरू केले होते. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. इस्माइल पूनावाला यांनी ते दुरुस्त करून व टिपांसह पूर्ण केले, आणि ऑक्सफर्डने ते २००२ आणि २००४ साली 'द पिलर्स ऑफ इस्लाम' या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध केले.